बंद दाराची लोकल : गाडी थांबली की हवा कुठून येणार?

रोजची_गाडी

बावीस वर्षं लोकलनं नोकरीला जातेय. बहुतेक काळ लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर नाहीतर उभ्यानं. परवा घरी बंद दारांच्या लोकलचा विषय निघाला. सगळे म्हणाले, दारं लागली की माणसं पडायची थांबतील. ते मलाही मनापासून हवंय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर फुटबोर्डावरची माणसं खाली पडली, जीव गेले. तेव्हापासून दाराशी लटकलेलं कुणी दिसलं की पोटात गोळा येतो.

त्या अपघातानंतर रेल्वेनं जाहीर केलं होतं की बिनएसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार. दारांना हवा येण्यासाठी तिरक्या पट्ट्या, म्हणजे लूव्हर्स, असतील. छतावर बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रं, म्हणजे ब्लोअर, असतील. डबे एकमेकांना जोडलेले असतील, म्हणजे गर्दी थोडी पसरेल. अशी पहिली गाडी जानेवारी २०२६ पर्यंत सेवेत आणायचं ठरलं होतं.

मला यात एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती कुणी नीट समजावून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी भर पावसात आमची गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये पाऊण तास उभी राहिली. पाऊस आत येतो म्हणून खिडक्यांची शटरं खाली. पंखे चालू, दिवे चालू. तरी पंधरा मिनिटांत माझ्या समोरची मुलगी पांढरी पडली आणि उभ्या उभ्या माझ्या अंगावर कलंडली. आम्ही तिला हातोहात दारापाशी नेलं. दारातल्या बायकांनी भिजत जागा करून दिली, तिथं तिला वारा लागला आणि ती डोळे उघडून पाणी प्यायली. त्या दिवशी दार उघडं होतं म्हणून ती सावरली.

आता ते दार बंद असेल. गाडी धावत असताना पट्ट्यांतून हवा येईल, मान्य. उभ्या गाडीत काय? आणि वीजच गेली तर? १९ ऑगस्ट २०२५ ला चेंबूरला मोनोरेल अडकली. वजन जास्त झालं, वीज देणाऱ्या रुळाशी संपर्क तुटला, एसी बंद पडला. आत पाचशेच्या वर माणसं होती. अग्निशमन दलाला शिड्या लावून त्यांना उतरवावं लागलं. बंद डबा, बंद वीज आणि खच्चून गर्दी एकत्र आली की काय होतं ते तेव्हा सगळ्या मुंबईनं पाहिलं.

रेल्वेत काम केलेलं, किंवा हवेचं तंत्र कळणारं कुणी इथं असेल तर कृपया लिहा.

टीएल_काका

ताई, मी ट्रेन लायटिंगमध्ये एकतीस वर्षं काढली. आमच्या भाषेत टीएल. डब्याचे दिवे, पंखे, बॅटऱ्या आणि खालचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिव्यांच्या गोष्टीत आहे, म्हणून आधी ती सांगतो.

आगगाडीच्या डब्यात पूर्वी तेलाचे दिवे असत, मग गॅसचे आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या स्टोन कंपनीनं डब्याखाली डायनामो टांगला आणि ॲक्सलवरून, म्हणजे चाकांच्या आसावरून, पट्टा घालून तो फिरवला. चाक फिरलं की वीज. पण स्टेशनात गाडी थांबली की चाक थांबणार, मग दिवा विझायला नको म्हणून सोबत बॅटरी दिली. चाक फिरत असताना बॅटरी भरायची, थांबल्यावर तिनं दिवा सांभाळायचा. आम्ही कामाला लागलो तेव्हाचे जुने लोक त्या यंत्राला नुसतं ‘स्टोन’ म्हणत. पुढे २४ व्होल्टचे डबे गेले, ११० व्होल्ट डीसीचे आले, डायनामोच्या जागी ब्रश नसलेला अल्टरनेटर आला. कल्पना तीच राहिली.

लांबच्या पॅसेंजर गाडीत दिवे पिवळे पडून पंखे रेंगाळताना तुम्ही पाहिले असतील. त्याचं कारणही हेच. गाडी दर दोन मैलांवर थांबते, वेग धरतच नाही, अल्टरनेटरला बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. त्यात पट्टा सैल असेल किंवा एखादा सेल बसला असेल तर रात्री दहानंतर डब्यात अंधूक होणारच. आम्ही प्रत्येक फेरीनंतर सेलचं पाणी आणि पट्ट्याचा ताण बघायचो, तो यासाठीच.

आता हवेकडे या. जुन्या डब्यांच्या छतावर माशाच्या आकाराचे ठोकळे रांगेनं दिसत, आठवतात का? टॉर्पेडो व्हेंटिलेटर. गाडी धावली की बाहेरचा वारा त्यांच्यावरून जाताना आतली गरम हवा ओढून घेतो. त्याला वीज लागत नाही, दुरुस्ती जवळपास नाही. पण गाडी थांबली की तो फक्त छतावरचा ठोकळा. म्हणजे उजेडाला आम्ही शंभर वर्षांपूर्वी चाकापासून सोडवलं. हवा अजून चाकालाच बांधलेली आहे. तुमचा प्रश्न अगदी मुळावर आहे.

रोजची_गाडी

काका, हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग पंखे? आमच्या डब्यात त्या दिवशी पंखे पूर्ण वेगात होते.

टीएल_काका

पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. अंगावरचा घाम वाळवायला त्याचा उपयोग आहे, तोही आतली हवा कोरडी असेल तोवर.

जाता जाता आणखी एक. बंद पडलेला पंखा कंगव्यानं ढकलून चालू करायची सवय सगळ्यांनाच आहे. जुन्या डीसी पंख्यात कार्बनचे ब्रश असतात, ते झिजले की पंखा स्वतःहून उचल खात नाही. ढकललात की फिरतो. प्रवाशानं ढकलून चालू केला की तो पंखा तपासणीच्या वेळी चालू दिसतो आणि ब्रश बदलायचा राहून जातो. म्हणून ढकला जरूर, पण डब्याचा नंबर टिपून तक्रारही करा. आता बिनब्रशचे पंखे येताहेत, त्यांत ही कटकट नाही आणि वीजही कमी लागते.

घनमीटर

मी इमारतींच्या वातानुकूलनाचं काम करतो, रेल्वेचं नाही. पण माणूस इथूनतिथून सारखाच, म्हणून ढोबळ हिशेब मांडतो. आकडे माझ्या गृहीतांवर आहेत, चुकत असतील तर सांगा.

डब्यात ३०० माणसं धरू. ऐन गर्दीत याहून जास्त असतात. चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसं, यासाठी रेल्वेच्या भाषेत वेगळा शब्दच आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एक माणूस तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३०० जणांचे ६ घनमीटर. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. आत १५०० च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं तर तासाला साडेपाच हजार घनमीटर ताजी हवा लागते.

पण मुंबईत खरी अडचण कार्बन डायऑक्साइडची नाही, घामाची आहे. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. बाहेर ३३ अंश असेल आणि चहूबाजूंनी दुसऱ्यांची गरम अंगं चिकटली असतील, तर ती उष्णता बाहेर जायला घामाचं बाष्पीभवन एवढाच रस्ता उरतो. म्हणजे माणशी तासाला १५० ग्रॅमच्या आसपास पाणी. ३०० माणसांचं ४५ लिटर. एका डब्यातून तासाला पंचेचाळीस लिटर पाणी वाफ होऊन बाहेर गेलं पाहिजे. साडेपाच हजार घनमीटर हवा त्याला पुरत नाही. प्रत्येक घनमीटरवर ८ ग्रॅम ओझं पडतं आणि मे महिन्यातली मुंबईची हवा आधीच भिजलेली असते. तासाला पंधरा हजार घनमीटर खेळवली तर हे ओझं ३ ग्रॅमवर येतं आणि माणूस तग धरतो.

आता तुमची उभी गाडी. दारं बंद, ब्लोअर बंद, हवा अजिबात बदलत नाही असं समजा. माणसं सोडून डब्यात १४० घनमीटर हवा उरते असं धरलं, तर घामाची वाफ दर मिनिटाला घनमीटरमागे ५ ग्रॅमहून जास्त वाढते. ३३ अंशांना हवेत एकूण ३५-३६ ग्रॅमच बाष्प मावतं, त्यातले तेवीस-चोवीस आधीच भरलेले. म्हणजे दोन-तीन मिनिटांत हवा तुडुंब. त्यानंतर घाम गळतो, पण वाळत नाही, शरीर तापत जातं. आपण म्हणतो ‘ऑक्सिजन संपला’. ऑक्सिजन दहा मिनिटांत एक टक्कासुद्धा खाली येत नाही. ती मुलगी पडली ती उष्णतेनं. तुम्ही तिला वाऱ्यात नेलंत, तोच बरोबर उपचार होता.

तुमच्या डब्याची दारं उघडी होती तरी पंधरा मिनिटांत हे झालं, हे नवं डिझाइन तपासणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

शेवटचा_डबा

मी रात्रपाळी करते. अकरानंतरच्या गाडीत लेडीज डब्यात कधी चार बायका, कधी मी एकटीच. गर्दीचा प्रश्न माझ्या वाट्याला येत नाही, उजेडाचा येतो.

न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वरच्या तारेचा वीज नसलेला तुकडा, आला की दिवे-पंखे जातात. काही सेकंदच, एखादा आपत्कालीन दिवा राहतो, मला सगळं माहीत आहे. पण त्या सेकंदांत पंख्यांचा आवाज बंद होऊन डबा एकदम शांत होतो आणि पार्टिशनपलीकडे कोण आहे ते दिसत नाही. दहा वर्षं झाली, अजून बॅग छातीशी घट्ट धरते. एलईडी आल्यापासून उजेड पुष्कळ वाढलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन्ही टोकांचे कोपरे, जिथं पार्टिशन आणि दार मिळतं, तिथं अजून सावली पडते. डब्याच्या मध्यावर झगझगाट आणि कोपऱ्यात काळोख, यापेक्षा सगळीकडे सारखा मध्यम उजेड मला जास्त सुरक्षित वाटेल.

टीएल_काका

बरोबर बोललीस बाळ. एलईडीला वीज इतकी कमी लागते की सगळेच्या सगळे दिवे बॅटरीवर काही मिनिटं ठेवणं आता अवघड नाही. ट्यूबलाइटच्या काळात आम्ही मोजके दिवे बॅटरीवर घ्यायचो, कारण जास्त परवडत नसत. तो हिशेब बदललाय, जोडणीही बदलायला हवी.

कोपऱ्याचं म्हणशील तर दिवा वाढवण्याआधी झाकण धुवायला हवं. पांढऱ्या झाकणावर धूळ आणि तेलकट थर बसला की निम्मा उजेड तिथंच अडतो. आणि पार्टिशन फिकट रंगाचं असेल तर ते उजेड परत फेकतं. दोन्हीला खर्च नाहीच म्हणा.

वर्धेकर

मुंबईकरांनो, तुमचं दुःख मान्य. पण हवा म्हणजे सगळीकडे एकच नव्हे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशात जनरल डब्याची खिडकी उघडली तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. बाहेरचा वारा अंगापेक्षा गरम असतो, तो जितका खेळेल तितकं अंग तापतं. आमचे आजोबा दुपारी काच वर ठेवून झडप खाली ओढत आणि झडपेवर ओला पंचा टांगत. भुसावळ सोडलं की बडनेऱ्यापर्यंत तो पंचा तीनदा ओला करावा लागे. आत येणारी झुळूक पार वेगळी लागायची.

हीच युक्ती एकोणिसाव्या शतकात जीआयपी रेल्वेनं (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) पहिल्या वर्गात केली होती, भिजवलेल्या वाळ्याच्या ताट्यांतून हवा आत घ्यायची. साहेबांसाठी, अर्थात. १९३४ मध्ये मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलच्या डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून थंड हवा सोडली, तीही वरच्या वर्गालाच. जनरलमधल्या माणसासाठी त्यानंतर काय झालं? पंखा. म्हणून म्हणतो, विदर्भ-खानदेशातल्या बिनएसी डब्यांना छतावरच्या ब्लोअरमागं ओला पडदा द्या. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो.

घनमीटर

वर्धेकर, शंभर टक्के. तुमच्याकडे चालेल, मुंबईत चालणार नाही. इथं हवेत आधीच इतकं पाणी आहे की ओल्या पडद्यानं आणखी चिकचिक होईल. एकाच डिझाइनचा डबा चेन्नईच्या कारखान्यातून देशभर जातो, त्यातली ही खरी गोम आहे.

रत्नागिरी_पॅसेंजर

कोकण रेल्वेच्या डिझेलच्या दिवसांतली आठवण सांगतो. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. दिवसा डब्यातले दिवे बंदच असायचे. गाडी आत शिरली की मिट्ट काळोख, पोरांची आरडाओरड आणि पाठोपाठ डिझेलचा धूर. आई आम्हाला पदरानं नाक झाकायला लावायची. खिडकी लावली तर उकडायचं, उघडी ठेवली तर डोळे चुरचुरायचे. २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांतून बोगद्यातला तो वास गेला. डब्याच्या हवेत सगळ्यात मोठी सुधारणा डब्याला हात न लावता झाली, मला हे फार वाटतं. आता फक्त बोगद्यांच्या टापूत दिवसाही दिवे चालू ठेवा. म्हातारी माणसं अंधारात शौचालयाकडे जाताना धडपडतात.

टूटिंगकर

लंडनहून लिहितेय. रोज नॉर्दर्न लाइननं जाते. खोल बोगद्यातल्या या गाड्यांना एसी नाही, कारण डब्यातून काढलेली उष्णता अरुंद बोगद्यातच पडणार. भोवतालची चिकणमाती शंभरहून अधिक वर्षं तापत आलीय, ती आता थंडावा देत नाही. उन्हाळ्यात आम्ही डब्याच्या टोकाच्या दाराची छोटी खिडकी खाली ओढतो, तेवढाच वारा. कानठळ्या बसतात, पण ती कुणी बंद करत नाही. जमिनीलगतच्या मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट वगैरे लाइनींना मात्र एसी गाड्या आल्या, आणि त्यांत डबे आरपार खुले आहेत. गर्दी खरंच पसरते. मुंबईच्या जोडलेल्या डब्यांबद्दल मला त्यामुळे आशा वाटते.

शेवटचा_डबा

आरपार खुले डबे म्हणजे लेडीज डब्याचं काय? रात्री मला ते दार बंदच हवं.

रोजची_गाडी

हो, हे मीही लिहिणार होते. लेडीजच्या दोन्ही बाजूंना जोड असू दे, पण आतून बंद करता येणारं, जाळीचं दार हवं. जाळी म्हणजे हवा जाईल, पलीकडचं दिसेल आणि कुणी आत येणार नाही.

घनमीटर

छतावरच्या यंत्राबद्दल एक मुद्दा राहिला. हवा आत ढकलायची तर तेवढीच बाहेर जायला वाट हवी. भरलेल्या बाटलीत फुंकल्यासारखं होता कामा नये. छतातून आत आणि दारांच्या खालच्या भागातल्या पट्ट्यांतून बाहेर, असा प्रवाह मला योग्य वाटतो. ताजी हवा आधी डोक्यांवर येते, उभ्या माणसाला तीच हवी असते. पण पावसाचं पाणी आत न येणाऱ्या तिरक्या पट्ट्यांतून हवेला मोकळी जागा दाराच्या निम्मी किंवा त्याहून कमीच मिळते. आणि ऐन गर्दीत त्या पट्ट्यांना पाठी आणि बॅगा टेकलेल्या असतील. तेव्हा सगळा भार पट्ट्यांवर टाकू नये.

आणि जाळ्या. ब्लोअरच्या तोंडाशी गाळणी असते, रुळांवरची धूळ तिच्यात भरते आणि हवा कमी होत जाते, आवाज मात्र तोच राहतो. आवाजावरून प्रवाशाला वाटतं यंत्र चालू आहे. एका जुन्या इमारतीत मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, गाळणीवर बोटभर लोकर बसली होती आणि वर्षभर कुणाला कळलं नव्हतं. डब्यात दाबाचा फरक दाखवणारा साधा दिवा मोटरमनच्या किंवा कारशेडच्या नजरेसमोर असावा.

टीएल_काका

२००७ पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या रेकना, म्हणजे गाड्यांना, छतावरून हवा देणारे ब्लोअर आहेतच. ही कल्पना नवी नाही. पण दारं कायम उघडी होती, त्यामुळे ब्लोअर चालला काय, मंद झाला काय, कुणाचा जीव त्याच्यावर अवलंबून नव्हता. दार बंद झालं की तोच ब्लोअर ब्रेकइतका महत्त्वाचा होतो. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी शेडमधून निघत नाही. ब्लोअरलाही तोच नियम लावा.

वीज गेल्यावर काय, या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: बॅटरी. मेट्रोच्या डब्यात वीज गेली तर आपत्कालीन हवा बॅटरीवर चालते. लोकलच्या बॅटरीवर ब्लोअर चालवायचा तर बॅटरी मोठी हवी, तिचं वजन डब्याखाली मावायला हवं. करता येण्यासारखं आहे. शिवाय दार हातानं उघडायची मूठ अशी हवी की गर्दीत चेंगरलेल्या माणसालाही ती दिसेल आणि हाताशी येईल. अंधारात चमकणारी.

रोजची_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या प्रवासी संघटनेतर्फे पत्र द्यायचं ठरलंय, तुमच्या लिखाणावरून मी मसुदा केलाय:

“बंद दाराच्या बिनएसी डब्याची हवेची चाचणी उभ्या गाडीत, पूर्ण गर्दीच्या भाराने, मे किंवा ऑक्टोबरच्या दुपारी घ्यावी. वीज बंद करून ती पुन्हा घ्यावी. ब्लोअर आणि सर्व दिवे किमान एक तास बॅटरीवर चालावेत. ब्लोअर बंद असलेला डबा सेवेत सोडू नये. लेडीज डब्याच्या जोडाला आतून बंद होणारं जाळीचं दार असावं.”

काही राहिलं का?

टीएल_काका

दुसऱ्या वाक्यात ‘वीज बंद करून’ आहे, तिथं ‘आणि शटरं खाली असताना’ घाला. पावसात तुमची शटरं खालीच होती.

रोजची_गाडी

घातलं. शुक्रवारी संध्याकाळी सह्या घेतोय, पुलाखालच्या तिकीट खिडकीजवळ. जमेल त्यांनी या.